मोड न येणारे दागिने

दागिना हातात घेतला की आमच्याकडची बाई आधी तो डोळ्यांनी बघत नाही, तळहातावर तोलते. हात जरासा वरखाली करते आणि मग विचारते, "ताई, मोडीला किती येतील?" मी सांगते, "काहीच नाही मावशी. माती आणि तांबं आहे." मग काहीजणी दागिना हळूच चटईवर ठेवतात आणि "छान आहे पण" म्हणून उठतात. अंगारकीला राजूरच्या गणपतीला माणसं रात्रभर चालत येतात. त्या दिवशी मी तिथं चटई टाकून बसते, आणि हा प्रश्न उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत कानावर पडत राहतो. शहरातल्या प्रदर्शनांत तो येत नाही. तिथं विचारतात, "साडीवर जाईल का?"

मोडीचा प्रश्न मला कधीच कोता वाटला नाही. जालना जिल्ह्यात दागिना ही बाईची शिल्लक असते, आणि घराची शेवटची सोय. आमचं गाव बियाण्यांचं. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथं महिको सुरू केली, त्यानंतर बियाण्याच्या धंद्यात जालन्याचं नाव देशभर झालं. पण त्याच बियाण्याची पिशवी घ्यायला मृग लागताना पैसे लागतात, आणि त्या दिवसांत गळ्यातली पोत किंवा कानातली फुलं गहाण पडतात. दिवाळीच्या पुढेमागे कापूस विकला की सुटतात. पाऊस रुसला तर सुटत नाहीत. २०१२-१३ चा दुष्काळ इथल्या कुणाला विसरता येणार नाही. शहर टँकरवर जगत होतं. माझ्या आईच्या पाटल्या त्या वर्षी मोडल्या. काट्यावर वजन झालं, घट धरली गेली, उरलेल्या सोन्याचे पैसे हातात आले. पाटल्यांवर बारीक वेल कोरलेली होती. ती कोरायला कुणाचा तरी हात दिवसन् दिवस चालला असणार. त्या हाताची किंमत काट्यावर कुठंच नव्हती.

'जालना सोने का पालना' ही म्हण आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पाळण्यातलं सोनं कुणाचं, हा प्रश्न मला त्या वर्षी पहिल्यांदा पडला.

घरामागे गोवऱ्या ठेवायची पत्र्याची खोली होती. तीच आता माझी कामाची जागा. एका भिंतीला धातूचं काम, समोरच्या भिंतीला मातीचं, आणि दोन्हींच्या मध्ये पडदा. हा पडदा हौसेचा नाही. मातीची धूळ तांब्यावर बसली तर घासताना ओरखडे उमटतात. उलट तांब्याची काळी खपली मातीत गेली तर भाजल्यावर तिथं काळपट हिरवे ठिपके येतात, आणि ते काही केल्या निघत नाहीत. सुकी माती मी कधी झाडत नाही, ओल्या फडक्यानं पुसून घेते. तिच्यातली बारीक सिलिका हवेत उडते आणि फुप्फुसात बसते. घरी काम करणाऱ्या बाईला ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि तिचं लहान मूल तिथंच रांगत असतं.

माझ्या वडिलांची सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये गेली. जालन्याची लोखंडी सळई महाराष्ट्राला माहीत आहे, पण ती होते कशी हे बाहेरच्यांनी सहसा पाहिलेलं नसतं. गाड्या भरभरून भंगार येतं, विजेच्या भट्टीत वितळतं, त्याचे ठोकळे ओततात आणि ते लालभडक असतानाच रुळांमधून ओढत ओढत सळई होते. वडील लांबून रंग बघून ताप सांगायचे. काळपट लाल, लाल, केशरी, पिवळा, असा तो क्रम. मला धातूचं पहिलं शिक्षण मिळालं ते त्यांच्याकडून, जेवताना, बोलता बोलता. तांबं १०८५ अंशांना वितळतं. त्याला मऊ करायला मात्र तेवढी आग लागत नाही, काळपट लालीवरच थांबायचं. ही लाली उजेडात दिसत नाही, म्हणून खिडकीला गोणपाट लावलेलं. बाहेर टळटळीत दुपार असते आणि मी आत अंधारात फुंकणी घेऊन बसलेली असते.

बाकीचं शिकले ते सराफ्यातल्या एका म्हाताऱ्या सोनारकाकांकडे. आता सराफ्यात बहुतेक माल बाहेरून तयार येतो, यंत्रावर पडलेला, काचेखाली मांडलेला. काकांकडे येतात ती कामं म्हणजे तुटलेली साखळी जोडणं, जोडव्यांचं माप वाढवणं, देवाच्या टाकाचा डाख सुटला तो लावणं. पण त्यांच्या हाताला अजून सगळं येतं. जंतरातून तार ओढताना ते तारेला अंगठ्यानं मेण लावतात, आणि ती कुठे अडणार हे त्यांना आधी कळतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला हातोडी दिलीच नाही. म्हणाले, "पोरी, आधी नुसतं ऐक." ते तांब्याच्या पट्टीवर ठोकत राहिले. सुरुवातीला आवाज बद्द येत होता. हळूहळू तो खणखणीत झाला. "आता हे कडक झालं. आणखी ठोकलंस तर चिरेल. आता ताव दे." ठोकल्यानं तांब्याच्या आतली कणरचना आवळत जाते, तापवल्यावर ती पुन्हा मोकळी होते. पुस्तकात हे मी नंतर वाचलं. कानानं ते आधी शिकले होते.

डाख लावण्याचं त्यांचं सूत्रही मी रोज मनात म्हणते: डाख तापाकडे पळतो. चांदीचा बारीक तुकडा सांध्यावर ठेवायचा, सवागीचं पाणी लावायचं, आणि ज्योत तुकड्यावर न धरता आजूबाजूच्या जाड भागावर धरायची. तो भाग तापला की डाख आपोआप सांध्यात शिरतो. नवी मुलगी शिकायला येते तेव्हा तिची ज्योत हटकून तुकड्यावरच जाते, डाखाची गोळी होते आणि घरंगळते. मग चिंच-मिठाच्या कोमट पाण्यात टाकून काळी खपली काढायची. काका आम्ल वापरत आले आहेत. मी घरात ते ठेवत नाही. चिंचेला वेळ जास्त लागतो, पण ती मोरीत ओतता येते.

तांब्याचा एक गुण दागिन्याला अडचणीचा. घाम लागला की ते हिरवं पडतं आणि कातडीवर हिरवट डाग उमटतो. गळ्यात, मनगटात तो धुऊन जातो. कानाच्या भोकात मात्र मी तांबं घालत नाही. कानात जाणारी तार ९२५ ची चांदीच, दागिना कितीही स्वस्त असो. बाजारात जर्मन सिल्व्हर नावानं जे मिळतं त्यात चांदीचा कणही नसतो, तांबं, निकेल आणि जस्त असतं. पुष्कळ बायकांना त्यातल्या निकेलची खाज सुटते, कान पिकतात, आणि त्या समजतात की "मला खोटं चालत नाही". खोटेपणा दागिन्यात नसतो, न सांगता विकण्यात असतो.

मातीकडे मी उशिरा आले, पण जीव तिच्यातच जास्त अडकला.

आमची माती काळी. बसाल्टचा खडक झिजून झालेली, कापसाची. पाणी मिळालं की फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. वैशाखात शेतातल्या भेगेत कोपरापर्यंत हात जातो. ही माती तशीच घेऊन दागिना केला तर तो सुकतानाच तडकणार, त्यात हाताचा काही दोष नाही. कुंभारमामा ती कधीच नुसती घेत नाहीत. तलावाचा गाळ, त्यात थोडी तांबूस माती, चाळलेली राख आणि लीद, असं त्यांचं मिश्रण. २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही सरकारी योजना सुरू झाली तेव्हा ट्रॉल्या भरभरून गाळ शेतात जायला लागला. मामा शेतकऱ्याला विचारून त्यातला थोडा बाजूला काढून घेत. चिमूटभर गाळ ते दातांखाली धरतात आणि कच किती आहे ते सांगतात. मीही आता तसंच करते. सोळा प्रकारच्या चाळण्या ठेवण्यापेक्षा जिभेवर विश्वास बरा, असं मामांचं म्हणणं, आणि मला ते पटलेलं आहे.

गाळात एक वैरी लपलेला असतो, चुनखडी. आमच्या भागातल्या मातीत तिचे पांढरे कण असतातच. भट्टीत त्यांचा कळीचा चुना होतो. दागिना भट्टीतून चांगला निघतो, लाल, गुळगुळीत. नंतर हवेतला दमटपणा त्या कणाला लागतो, कण फुगतो आणि वरची माती टवका होऊन उडते. आठवड्यानं, कधी महिन्यानंही. मडक्यात बारीक टवका उडाला तर मडकं मडकंच राहतं. कानातल्या इवल्याशा फुलाचा टवका उडाला की फूल गेलं. म्हणून मी मातीचा पातळ राबडा करून मलमलीतून गाळते, मग तो कापडावर आटवते. एवढं करूनही चुकार कण राहिला असेल म्हणून भट्टीतून काढलेले नग गार होताच पाण्यात बुडवून ठेवते. पाण्यात बुडालेला चुना एकदम विरी जातो आणि मऊ पडतो, हळूहळू फुगून मातीला ढकलत बसत नाही.

आटवलेली माती ओल्या पोत्यात गुंडाळून मुरत ठेवायची. जितकी मुरेल तितकी लवचिक. मग मळायची, आतली हवा काढायची, आणि बसायचं. मणी तळहातांमध्ये वळतात, पान-फूल बोटांनी, बारीक नक्षी बाभळीच्या काट्यानं. भोक कधी पाडायचं हे सगळ्यात महत्त्वाचं. माती फार ओली असेल तर भोकाची कड फुलते, फार सुकली तर नग दुभंगतो. बोट दाबलं तर ठसा उमटत नाही पण नख रुततं, ती घटका साधावी लागते. सायकलच्या चाकाची तार त्यासाठी छान. भोक लागतं त्यापेक्षा जरा मोठंच पाडायचं, कारण सगळा नग आकसणार आहे आणि त्याच्याबरोबर भोकही.

वाळवण सावलीत. मराठवाड्यातला एप्रिलचा वारा मातीला सोसत नाही, कडा आधी सुकतात आणि वर उचलल्या जातात. तेव्हा मी पहाटे मातीचं काम करते आणि नग टोपलीखाली झाकून ठेवते. आषाढ-श्रावणात उलटं, काही वाळतच नाही, तेव्हा धातूची कामं काढते. मातीचा खरा हंगाम पोळ्यानंतर सुरू होतो आणि संक्रांतीपर्यंत चालतो.

भाजणीचं पंचांग कुंभारमामांचं. अक्षय्यतृतीयेची केळी, पोळ्याचे बैल, दिवाळीच्या पणत्या, संक्रांतीची सुगडं, या चार वेळी त्यांचा आवा हमखास लागतो. माझे नग एका झाकणाच्या गाडग्यात भरून मी त्यांच्या आव्यात देते. घरी लहानशी विजेची भट्टीही आहे, पण वीज कधी जाईल त्याचा नेम नाही आणि भाजणी मध्येच थांबवता येत नाही. शंभर अंशांपर्यंत साधं पाणी जातं. तिथं घाई केली तर वाफ नग फोडते. पुढे पाचशे-सहाशेच्या आसपास मातीच्या रचनेतच बांधलेलं पाणी सुटतं, आणि तिथून ती माती पुन्हा चिखल होऊ शकत नाही. "पाण्यात विरघळंल का हो?" असं विचारणाऱ्या बायकांना मी हेच सांगते, आणि समोरच्या पेल्यात एक मणी टाकून ठेवते. ५७३ अंशांना वाळूचे कण एकाएकी फुगतात. गार होताना त्याच जागी ते एकदम आकसतात, म्हणून भट्टीचं दार उघडायची उत्सुकता आवरावी लागते.

मोकळ्या हवेत भाजलं तर मातीतल्या लोहामुळे नग लाल निघतो. गाडग्यात भुसा भरून झाकण लिंपून टाकलं तर हवा मिळत नाही, धूर आत कोंडतो आणि तोच नग काळा निघतो. एकाच गोळ्यातून लाल आणि काळी अशा दोन्ही बोरमाळा मी करते. सोन्याच्या जुन्या बोरमाळेचे मणी आतून लाखेनं भरलेले असतात, वर सोन्याचा पातळ पत्रा. माझे मणी आतबाहेर एकच आहेत, याचा मला अभिमान वाटतो.

माती आणि तांबं यांना एकत्र आणायचं तर दोघांचे स्वभाव सांभाळावे लागतात. ओल्या मातीत तार रोवून भाजता येत नाही. माती आकसते, तार फुगते, नग फुटतो. म्हणून तांब्याचं सगळं तापकाम आधी पुरं करायचं, मातीची भाजणी वेगळी, आणि शेवटी दोघांची गाठ गार हातांनी घालायची, नुसती तार वळवून. पटवेकरी दागिना गाठवतो त्यातलं शहाणपण इथं कामाला येतं: दोरा मण्याला घासू नये, आणि वजन एकाच गाठीवर येऊ नये. जपानमध्ये गेल्या शतकाच्या शेवटी चांदीची भुकटी चिकट पदार्थात कालवून एक मळता येणारी धातूची मातीच तयार केली गेली. तिला भाजलं की चिकट भाग जळून जातो आणि निखळ चांदी उरते. फार सुंदर कल्पना आहे. पण तिची छोटी पुडी मागवण्याच्या पैशात माझं इथलं बरंच काम होतं, आणि तलावाचा गाळ सोडून मला ते करावंसं वाटत नाही.

हे वाटणं नुसतं भावनेचं नाही. राजूरच्या पुढे केळणा नदीच्या काठी भोकरदन आहे. जुनं नाव भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांचे जे लेख आहेत त्यांत हे गाव येतं, म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी इथली माणसं तिथवर जाऊन दान देत होती. १९७३ मध्ये नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी इथं उत्खनन केलं. शां. भा. देव आणि आर. एस. गुप्ते यांचा अहवाल पुढच्या वर्षी निघाला. उत्खननात सापडलेली एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती अर्धीच उरलेली आहे, पण तिचं नातं फार लांबच्या एका मूर्तीशी जुळतं. इटलीतलं पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गेलं. तिथल्या एका घरात १९३८ साली वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या मनगटांपासून वर बांगड्याच बांगड्या आहेत, पायांत तोड्यांची चळत, गळ्यात भरगच्च माळ, कमरेला मेखला. भोकरदनची मूर्ती आणि तेर गावात मिळालेली तशीच मूर्ती यांच्याशी तिचं साम्य पाहून काही अभ्यासकांनी ती आपल्याच भागातल्या कारागिरांची असावी असं म्हटलं. मी तिचा फोटो खोलीत लावलेला आहे. नव्या मुली विचारतात, ही कोण. मी सांगते, भोकरदनकडची असावी असं म्हणतात.

तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांच्या संग्रहातून उभं राहिलेलं संग्रहालय आहे. तिथं मी वही घेऊन जाते. सातवाहनकाळातल्या मातीच्या बाहुल्या बघाव्यात तर त्यांची केशरचना आणि कानातले गोल यांतच दिवस संपतो. पण मला तिथं दुसरीच गोष्ट धरून ठेवते. पेट्यांमध्ये जे आहे ते मातीचं, शंखाचं, अकीकाचं, काचेचं, हाडाचं. सोनं जवळपास नाही. ते लोक गरीब नव्हते, त्यांचा माल रोमपर्यंत जात होता. सोनं नक्कीच होतं. ते मोडलं गेलं, वितळलं, पुन्हा घडलं, पुन्हा मोडलं. तेव्हाच्या एखादीच्या गळ्यातलं सोनं आज जालन्यातल्या कुणाच्या पाटलीत असेलही, पण त्यावर तिची खूण उरलेली नाही. मातीच्या मण्याला मोड आली नाही, म्हणून तो जसा घडला तसा राहिला. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका मण्याला भोकाच्या कडेला बोट लागून किंचित दबलेलं आहे. तेवढंच माझ्या मण्यांनाही होतं.

मोडीच्या प्रश्नाला तेव्हापासून माझ्याजवळ निदान माझ्यापुरतं उत्तर आहे. पण मी ते गिऱ्हाइकाला ऐकवत नाही. जिला जूनमध्ये बी घ्यायचं आहे तिला पुरातत्त्व सांगणं बरोबर नाही. उत्तर मला एकदा एका बाईनंच दिलं. बदनापूरकडची होती. लाल मण्यांची, मध्ये तांब्याचं पदक असलेली माळ तिनं बराच वेळ हातात धरली, तोलून पाहिली, मोडीचं विचारलं, मी नेहमीचं सांगितलं. ती थोडं थांबली आणि म्हणाली, "मंग हे तरी घरचे मागायचे न्हाईत." पैसे मोजून दिले आणि तिथंच गळ्यात घातली.

मंठा-परतूर भागातल्या तांड्यांवरून आमच्या सराफ्यात जुनी चांदी येते. बंजारा बायकांचे दागिने. केसांतून गालांवर लोंबणाऱ्या घुगरी आणि टोपल्या, गळ्यातली हांसली, पायातली वांकडी. म्हाताऱ्या बायका ते अजून घालतात, सुना घालत नाहीत, आणि अडचणीच्या वर्षात ते मोडीत जातात. २०२५ मध्ये सोनं तोळ्याला लाखावर गेलं, चांदीही चढली, तेव्हा फार गेले. सोनारकाकांच्या दुकानात एक बंजारा आजी घुगरीचा जोड घेऊन बसली होती. काका वजन करत होते. मी त्यांना विनंती केली, वितळवण्याआधी अर्धा तास मला द्या. आणि त्या बाईला विचारलं, "आजी, ह्याचा ठसा घेऊ का?" तिला आधी कळलं नाही. मी पिशवीतली ओली माती काढून दाखवली. ती हसली आणि स्वतःच्या हातानं घुगरी मातीत दाबली.

तेव्हापासून मी हे करत आले आहे. माती लोण्याइतकी मऊ मळायची, वर कापडातून राख भुरभुरायची म्हणजे दागिना चिकटत नाही, सरळ दाबायचं, सरळ उचलायचं. बारीक रव्यांची ओळ, तारेचा पीळ, घासून झिजलेली कड, सगळं उतरतं. साचा भाजून घेतला की तो कायमचा. दागिन्याच्या मालकिणीला विचारल्याशिवाय मी ठसा घेत नाही, आणि एक तांब्याचा नग त्याच ठशातून काढून तिला देते. मांडणीवर आता असे साचे रांगेनं आहेत. त्यांतले बहुतेक मूळ दागिने आज चांदीच्या विटा झाले असतील. धातू गेला, त्याचा आकार मातीनं धरून ठेवला. माझ्या खोलीतल्या दोन भिंतींचं एकमेकींशी काय नातं आहे ते मला या कामात कळलं.

किमतीबद्दलही सांगायला हवं, कारण हातकामातली माणसं ते टाळतात. कानातल्या एका जोडात तांबं काही ग्रॅमच लागतं, माती मुठीत मावेल एवढीही नाही. मालाचा हिशेब धरला तर किंमत चहाच्या दोन-चार कपांच्या पुढे जाणार नाही. म्हणून मी चिठ्ठीवर तीन ओळी वेगळ्या लिहिते: माल, भट्टी, मजुरी. मजुरीचा आकडा सगळ्यांत मोठा असतो आणि मी तो झाकत नाही. पुष्कळांनी सुचवलं की एकच रक्कम लिही, गिऱ्हाईक बिचकतं. मला ते मान्य नाही. आईच्या पाटल्यांच्या वेळी जी ओळ पावतीवर नव्हती, ती माझ्या चिठ्ठीवर असलीच पाहिजे. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींनाही मी पहिल्या दिवशी माती देत नाही, कागद देते आणि त्यांच्या तासाचा भाव लिहायला सांगते. त्या लाजतात, फार कमी लिहितात. मग बोलणं सुरू होतं. ते बोलणं झालं की मातीला हात लावायचा.

घुगरीवाली आजी यंदा पोळ्याच्या सुमारास पुन्हा आली, नातीला घेऊन. नातीचं लग्न ठरलं आहे आणि तिला लग्नात तांड्याचा पोशाख करायचा आहे. आजीला तीच घुगरी पाहिजे, चांदीची. काकांशी मी बोलले. ओतकाम ते करतील, नमुना मला करून द्यायचा आहे. साच्यातून सरळ काढली तर घुगरी लहान येईल. प्रत्येक साच्याच्या पाठीवर ओल्या मातीतच मी पाच सेंटिमीटरची रेघ ओढून ठेवते. या साच्यावरची रेघ भाजल्यानंतर साडेचार भरते, म्हणजे सगळं दहावा हिस्सा आकसलेलं आहे. मूळ माप यायला साच्याच्या मापात नववा हिस्सा वाढवून मेणात नवा नमुना कोरावा लागेल. चांदीचे पैसे कापूस गेल्यावर देते म्हणाली आजी. मेणाला मात्र तोवर थांबता येत नाही. थंडी पडली की ते कोरताना तडकतं, त्यामुळे दोन्ही नमुने दिवाळीच्या आतच उरकायचे आहेत. डावी घुगरी उजवीपेक्षा जरा जास्त झिजलेली होती. तशीच ठेवायची की दोन्ही सारख्या करायच्या, हे नातीला विचारायचं राहिलं आहे.